अकाउंटची वही

२००१ साली दसऱ्याला मी मिरजेत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेट कॅफे टाकला. चार मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि तासाला ४० रुपये. मोडेमच्या कर्कश आवाजाची गिऱ्हाइकांना इतकी सवय झाली होती की तो मध्येच तुटला की आतून कुणीतरी हमखास ओरडायचं, "गेली काय ओ लाइन?" पुढे त्याच गाळ्यात डीटीपी आलं, झेरॉक्स आली, ऑनलाइन फॉर्म आले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षाच्या आत कॅफे आटोपला. आता दुरुस्ती, झेरॉक्स आणि फॉर्म भरणं एवढंच चालतं.

माझं शिक्षण म्हणाल तर बी.कॉम. आणि सहा महिन्यांचा एक कोर्स. बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं, काही माझ्या चुकांनी. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते लिहितो आहे. आकडे घातलेत ते कुठे थांबायचं हे मलाच कळावं म्हणून.

१. किल्ली लोक आपण होऊन देतात

कॅफेत येणाऱ्या बहुतेकांना स्वतःचं मेल खातं उघडता यायचं नाही. नोकरीचा अर्ज, रेल्वे भरतीचा निकाल, दुबईतल्या भावाचा निरोप, कशासाठी तरी आयडी हवा असायचा. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून आलेल्या पेशंटचे नातेवाईक रिपोर्ट स्कॅन करून पाठवायला यायचे, त्यांनाही हवा असायचा. "दादा, एक आयडी काढून द्या की." मी विचारायचो, पासवर्ड काय ठेवू? "ठेवा तुमीच काय तो. आन् लिवून ठेवा, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

म्हणून दोनशे पानी वही केली. नाव, आयडी, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर असे चार रकाने. आठ-नऊ वर्षांत साडेसहाशेच्या वर नोंदी झाल्या. सुरक्षा प्रश्न तर हसण्यासारखेच. आईचं माहेरचं आडनाव काय? आमच्याकडे ते अख्ख्या गल्लीला पाठ असतं, शिवाय लग्नपत्रिकेत "मामा" म्हणून छापलेलंही असतं. पहिली शाळा कुठली? गावात अशा शाळा किती, बोटांवर मोजाव्यात इतक्या. ज्यानं कुणी हे प्रश्न काढले त्याला शेजारी नसावेत.

वही काउंटरच्या खालच्या खणात असायची, कुलूप नव्हतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. उलट "सगळ्यांचं सगळं तुमच्याकडं हाय" असं कुणी म्हटलं की बरं वाटायचं.

मग एकदा काय झालं, एका व्यापाऱ्याकडे माझे तेवीसशे रुपये अडकले. बिलबुक छापून घेतलं होतं त्यानं. दर वेळी "पार्टीचं पेमेंट आलं नाही" हे उत्तर. एका रात्री अर्धं शटर ओढलं, वही काढली आणि त्याचा मेल उघडला. पेमेंट आलं होतं. बँकेची मेल समोरच होती, आठ दिवसांपूर्वीची. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो आणि एरवी जेवढा वेळ उभा राहतो त्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. पैसे मिळाले. मी कशाच्या जोरावर उभा होतो ते त्याला कधीच कळलं नाही.

वही लबाडीसाठी केली नव्हती. विसरभोळ्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून केली होती. पण ती हाताशी होती, आणि गरज माझी होती.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. त्या तक्रारीत एक मुद्दा असा होता की लोकांनी खातं सुरक्षित राहावं म्हणून दिलेले फोन नंबर कंपनीनं जाहिरातींसाठी वापरले. २०२२ मध्ये ट्विटरलाही तेवढ्याचसाठी १५ कोटी डॉलर भरावे लागले. दुसरी बातमी मी दुकानात बसूनच वाचली. मला आधी ते अर्धं ओढलेलं शटर आठवलं, कंपनीचा राग नंतर आला.

२. फुकट मेलचा हिशोब

साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये हॉटमेल काढलं तेव्हा मेल फुकट मिळते हेच नवल होतं. माझ्या कॅफेत त्याला दुसरी बाजू होती. जागा फक्त २ एमबी. पासपोर्ट साइज फोटोचे दोन स्कॅन आले की खातं तुडुंब. मग गिऱ्हाईक यायचं, "येणाऱ्या मेली परत जायल्यात म्हणं," आणि मी बसून जुन्या मेली पुसायचो. त्या पुसण्यापायी अर्ध्या तासाचे २० रुपये सुटायचे, त्यामुळे मलाही त्या २ एमबीचं वाईट वाटत नव्हतं.

१ एप्रिल २००४ ला गुगलनं जीमेल जाहीर केलं, १ जीबी जागा. एप्रिल फूल असणार म्हणून पुष्कळांनी सोडून दिलं. सुरुवातीला ते निमंत्रणावरच मिळायचं. माझ्याकडे काही निमंत्रणं आली तर मी ती रेशनच्या साखरेसारखी वाटली, उधारी वेळेवर देणाऱ्यांना आधी.

जाहिराती दाखवण्यासाठी मेलमधला मजकूर तपासला जातो हे तेव्हाही लपवलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी ठरलेलं उत्तर द्यायचो, की यंत्र वाचतं, माणूस वाचत नाही. एकदा टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आबा काउंटरला टेकून ऐकत होते. म्हणाले, "पोस्टमननं पत्र फोडलं तर त्याची नोकरी जाती. यंत्राची कुठली जाणार?" मला उत्तर सुचलं नाही. जाहिरातींसाठी मेल तपासणं बंद करतो असं गुगलनं २०१७ मध्ये जाहीर केलं, म्हणजे तेरा वर्षांनी. आबा तोवर राहिले नव्हते.

३. साडेचार फूट

२०११ मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेसाठी नियम काढले. केबिनचं पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, प्रत ठेवायची, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता-वेळ लिहायची आणि किमान वर्षभर ते जपायचं. माझी पार्टिशनं सहा फुटी होती. सुताराला बोलावलं. त्यानं करवतीनं दीड फूट प्लाय उतरवला, दिवसभर भुसा उडत होता आणि कीबोर्डमधून तो पुढे महिनाभर निघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजची पोरं यायची निम्मी झाली. ती पोरं आत बसून काय बघायची हे सगळ्या मिरजेला माहीत होतं, त्यामुळे नियमाविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही.

मला अडचण झाली ती कागदांची. वर्षभरात ओळखपत्रांच्या झेरॉक्सचे दोन गठ्ठे झाले. वर्षभर जपा असं नियम सांगतो, त्यानंतर काय करा हे माझ्याकडे कुणी बोललं नाही. मी जे सगळे करतात तेच केलं, रद्दीवाल्याला दिले. कोरी पाठ असलेला ए-फोर कागद, त्याला भावही बरा मिळाला.

पुढच्या पावसाळ्यात सांगलीला एका गाड्यावर भडंग घेतलं. पुडा संपत आला तसा कागदावर एक चेहरा दिसायला लागला. वाहन परवान्याची झेरॉक्स होती. खाली "खरी नक्कल" असं हातानं लिहून सही, सहीवर तेलाचा डाग. तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता आणि कागद माझ्याच गठ्ठ्यातला होता असं काही नाही, गावात झेरॉक्सवाले पुष्कळ आहेत. तरी पुडा मी घडी घालून खिशात ठेवला. बायकोनं धुताना तो काढला आणि विचारलं, हा कोण?

आधार आल्यावर हे वाढलंच. सिमकार्डाला झेरॉक्स, लॉजवर झेरॉक्स, भाडेकराराला झेरॉक्स. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं, की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार द्या, आणि नेट कॅफेच्या मशीनवर ई-आधार डाउनलोड करणं टाळा. दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं, चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून. लोकांनी नेहमीची काळजी घ्यावी, असं सांगितलं. नेहमीची काळजी म्हणजे काय ते मी रोज बघतो. झेरॉक्स झाली की माणूस प्रत घेऊन जातो आणि ओरिजिनल आधार मशीनच्या काचेवर झाकणाखाली राहतं. आठवड्याला चार-पाच तरी. त्यामुळे गिऱ्हाईक पायरी उतरलं की झाकण उचलून बघायचं, ही माझ्या हाताला सवयच झाली आहे.

आणखी एक, जे फारसं कुणाला माहीत नसतं. ऑफिसात असतात त्या मोठ्या झेरॉक्स मशीनपैकी पुष्कळांच्या पोटात हार्ड डिस्क असते. मी एकदा असं जुनं मशीन घेतलं, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं. चाळा म्हणून डिस्क काढून कंप्युटरला लावली तर आत लोकांच्या पगाराच्या चिठ्ठ्या.

४. पुसलं म्हणजे गेलं नाही

पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडलं तर धड्याची पानं फाटत नाहीत. कंप्युटरमधल्या साध्या डिलीटचं तसंच आहे, नवीन काही त्या जागेवर लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच असतं. या गोष्टीवर मी पोट भरलं आहे. लग्नाचे पुसलेले फोटो परत काढून दिले की लोक पेढे आणून देतात. पण जुनी डिस्क विकून टाका म्हणणाऱ्यांना मी भोक पाडायचं ड्रिल दाखवतो. एक साहेब म्हणाले होते, "फॉरमॅट मारलाय की." त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं डिस्क चाळली आणि त्यांचीच इन्कम टॅक्सची फाइल उघडून दाखवली. मग त्यांनी ड्रिल स्वतः हातात घेतलं.

५. गुरुजींचं पुस्तक

हे जरा सविस्तर सांगतो, कारण प्रायव्हसीबद्दल सगळे बोलतात पण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एका निवृत्त गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला. वतनांची कागदपत्रं, देवळाचे उत्पन्नाचे हिशोब, प्लेगच्या साथीच्या आठवणी, कुणाकुणाच्या घरी जाऊन हातानं उतरवून घेतलेलं. २००३ मध्ये तीनशे पानांचा तो मजकूर मी टाइप केला, प्रूफं गुरुजींनी चार वेळा तपासली. छापायला पैसे जमेनात, तेव्हा फाइल सीडीवर दिली. एक माझ्याकडेही ठेवली.

त्या काळी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांची आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ मध्येच ठरलेलं होतं, पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर मोठं काम केलं होतं. तरी बाजारात जो तो आपला फॉन्ट आपल्या पद्धतीनं बांधायचा. फाइलमध्ये प्रत्यक्ष असायची इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं मजकूर उघडला की नुसती गिचमिड. काही सॉफ्टवेअरना वर आणखी डोंगल असायचं, मशीनच्या मागं खोचायचं कुलूप. ते नसेल तर विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही उघडणार नाही.

२०१२ मध्ये गुरुजींचा मुलगा सीडी घेऊन आला. वडिलांची पंचाहत्तरी होती, पुस्तक छापायचं ठरलं होतं. माझं जुनं मशीन दोन वर्षांपूर्वी मोडीत गेलं होतं, डोंगल त्यासोबत कुठं गेलं कोण जाणे. फाइल उघडली. पडद्यावर कंस, डॉलरची चिन्हं, उलटे अर्धविराम. तीनशे पानं तशीच.

कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या, म्हणाले. नवीन घेतली असती तर जुनी फाइल नीट उघडेलच याची खात्री मात्र कुणी देईना. शेवटी युनिकोडमध्ये बदलणारी एक फुकट सोय मिळाली, तिनं ऐंशी टक्के मजकूर आणला. उरलेल्या वीस टक्क्यांत रफार भलत्या अक्षरावर चढलेले, पहिल्या वेलांट्या एक घर पुढं सरकलेल्या, "श्र"चा सगळीकडे "भ्" झालेला. श्रावण महिन्यातली जत्रा हा त्या पुस्तकातला मोठा भाग, म्हणजे बघा. गुरुजी आणि मी रोज संध्याकाळी दोन तास असे तीन आठवडे बसलो. एका पानावर एका इनामदाराचं आडनाव काही केल्या लागेना. गुरुजींनी मूळ टिपणवही केव्हाच कुणाला तरी वाचायला दिली होती, ती परत आली नव्हती. पुस्तकात त्या जागी आज टिंबं आहेत.

माल गुरुजींचा, मेहनत गुरुजींची, टायपिंगचे पैसे मोजलेले. तरी पुस्तक वाचायची परवानगी तिसऱ्याच्या हातात होती. तेव्हापासून काही टाइप करायला आलं की मी युनिकोडमध्येच करतो, आणि कुणी जुनी फाइल आणली की आधी कागदावर प्रिंट काढून देतो. कागदाला आवृत्ती नसते. (वाळवी असते, हे मान्य.)

६. दुकान त्यांचं, शटरही त्यांचंच

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आदल्या आठवड्यात दोन पोरं एकमेकांनी लिहिलेली टेस्टिमोनियल्स रंगीत प्रिंट काढायला आली होती, पानाला १० रुपये. याहू मेसेंजर २०१८ मध्ये गेलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चालत्या-बोलत्या किती तरी मशीनना नवीन विंडोज घेता येत नाही, कारण त्यांना हवी ती चिप नाही. ती मशीन माझ्याकडे येतात. मी लिनक्स टाकून देतो. दहातले तीन जण रमतात, सात जण आठवड्यानं परत येतात, "आमचं ते पहिलंच बरं हुतं."

७. मी सहमत आहे

हजारो लोकांच्या वतीनं मी "आय अग्री" दाबलं आहे. खातं त्यांचं, बोट माझं. एकाही अटीचं एकही पान मी पुरतं वाचलेलं नाही.

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपनं नवीन अटी पुढं केल्या आणि माहिती फेसबुकला जाणार म्हणून एकदम गलका झाला. दुकानात रोज पाच-सहा जण सिग्नल टाकून घ्यायला यायचे. मला त्यात एक गंमत वाटायची. २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेतलं, ते विकणाऱ्या दोघांपैकी एक ब्रायन ॲक्टन. त्यानंच पुढे फेसबुक सोडून ५ कोटी डॉलर घातले आणि सिग्नलची संस्था उभी केली. सुरुवातीला व्हॉट्सॲप वर्षाला एक डॉलर मागायचं, हेही आता कुणाच्या लक्षात नाही. आपल्याकडे तो कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतःसुद्धा व्हॉट्सॲप काढून टाकलं. बाराव्या दिवशी परत घेतलं. मुलीच्या शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर, सोसायटीच्या पाण्याची वेळ व्हॉट्सॲपवर, भिशीचा हिशोब व्हॉट्सॲपवर, टोनर पुरवणारा कोल्हापूरचा माणूस फोन उचलत नाही पण व्हॉट्सॲपला उत्तर देतो. सिग्नलवर माझ्या ओळखीचे नऊ जण होते, त्यातल्या सहांचं ॲप मीच टाकून दिलेलं. लोकांना पर्वा नाही असं पेपरात वाचलं की मला ते पटत नाही. पर्वा होती. जायला जागा नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगानं त्या अटींवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड केला, तेव्हा आयोगाचंही म्हणणं साधारण हेच होतं, की "घ्या नाहीतर सोडा" असं म्हणणं म्हणजे खरी संमती नव्हे.

८. माझं नाव दुसऱ्याच्या फोनमध्ये

लॉकडाऊननंतरची गोष्ट. सकाळी दुकान उघडायच्या आत एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला. आमच्याच भागातल्या एका पोराचा फोटो, खाली हिंदीत "हा चोर आहे, पैसे बुडवून पळाला." पोरगा मेकॅनिक, चांगल्या घरचा. त्यानं एका ॲपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं होतं, हप्ता आठ दिवस लांबला. कर्ज घेताना ॲपनं फोनबुक बघायची परवानगी मागितली, ती त्यानं दिली. मग मेसेज सासऱ्याला गेला, गॅरेजच्या मालकाला गेला, दूधवाल्याला गेला, आणि "कंप्युटर दादा" म्हणून सेव्ह केलेल्या मला.

तो दुकानात आला तेव्हा नजर वर करत नव्हता. सायबर पोलिसांकडची तक्रार मीच भरून दिली, बँकेचे कागद जोडले. काम करताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी तर कुठलंच कर्ज घेतलं नव्हतं, कुठलीच परवानगी दिली नव्हती. तरी माझा नंबर, मला तो पोरगा काय म्हणतो तेसुद्धा, कुठल्या तरी वसुलीवाल्याच्या यादीत होतं. मी कितीही कडी लावली तरी माझी खिडकी अडीचशे लोकांच्या भिंतीत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपांनी फोनबुक, कॉलची यादी, फोटो यांना हात लावायचा नाही. नियम चांगला आहे. पोराचं लग्न मात्र वाचलं ते सासरे समजूतदार निघाले म्हणून.

प्रायव्हसी हे शहरी, शिकलेल्या तरुणांचं खूळ, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी सांगतो, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, त्या खटल्यात ज्यांचं नाव लागलं आहे ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा ९१ वर्षांचे होते.

९. वहीचं काय केलं

त्या निकालाची बातमी पेपरात पहिल्या पानावर होती. रविवारी मी खण आवरायला काढला तर वही हाताला लागली. कॅफे बंद होऊन काही महिने झाले होते. पानं चाळली. कितीतरी नावांपुढं आता "कै." लागलं होतं. तो व्यापारीही होता, पान ४१. घरी नेऊन बंबात घातली, चार-चार पानं फाडून. पुठ्ठा जळायला वेळ लागला. बायको म्हणाली, एवढ्यात दोघांच्या आंघोळीचं पाणी तापलं.

२०२३ च्या थंडीत ब्राह्मणपुरीतल्या एक काकू आल्या. यजमान रेल्वेत होते, दीड वर्षापूर्वी वारले. मुलगा मस्कतला. नवराबायकोचं दोघांत एकच मेल खातं, २००६ मध्ये मीच काढून दिलेलं. काका मुलाला त्यावरून लांबलचक पत्रं लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. खातं घरच्या टॅबवर कायम उघडंच असायचं, पासवर्ड कधी घालावाच लागला नाही. टॅब बिघडला तो मी दुरुस्त करू शकलो नाही, आणि नवीन फोन पासवर्ड मागायला लागला.

कंपनीनं ओटीपी पाठवला तो काकांच्या नंबरावर. काका गेल्यावर रिचार्ज कुणी केला नव्हता. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. मी त्या नंबरावर फोन लावला, पलीकडे ट्रकचा आवाज आणि एक वैतागलेला माणूस. ओटीपी मागितला तर शिवी देऊन त्यानं फोन ठेवला, आणि त्याचं बरोबरच होतं. सगळीकडे हेच तर सांगतात. सुरक्षा प्रश्न विचारला, काकूंनी उत्तर दिलं, चुकीचं निघालं. २००६ मध्ये घाईत मी काय टाकलं होतं देव जाणे.

"तुमच्या वहीत असंल की," काकू म्हणाल्या. "तुमी लिवून घेतलंवतं. मला चांगलं आठवतंय, लाल पुठ्ठ्याची."

"जाळली काकू. सहा वर्षं झाली."

"जाळली? कशाला ओ?"

मी निकालाचं सांगितलं नाही, व्यापाऱ्याचं तर नाहीच. जुनी झाली होती म्हणालो. काकू थोडा वेळ बसल्या. मग पेन्शनच्या कामाला आधारच्या दोन झेरॉक्स हव्यात म्हणाल्या. मी काढून दिल्या, पैसे नको म्हटलं. त्यांनी चार रुपये काउंटरवर ठेवलेच.

त्या पायरी उतरल्या तसं मी सवयीनं झाकण उचललं. ओरिजिनल आतच होतं.